डाव आणि ओघ: नागपूरच्या मैदानांवरील एक न मिटणारा वाद

फुटबॉल अधिक रंजक की बेसबॉल, हा वाद मूळचा अमेरिकेतील आहे. जगाच्या फुटबॉलला तेथे ‘सॉकर’ म्हणतात, आणि विश्वचषकासारख्या निमित्ताने त्या खेळाची लाट आली की बेसबॉलचे जुने चाहते आणि सॉकरचे नवे चाहते एकमेकांसमोर उभे ठाकतात. बेसबॉलवाल्यांचा आक्षेप असा असतो की नव्वद मिनिटे धावून जेमतेम एखादा गोल होणाऱ्या खेळात पाहण्यासारखे काय आहे. सॉकरवाले उलट विचारतात की ज्या खेळात बहुतेक खेळाडू बहुतेक वेळ हाताची घडी घालून उभे असतात किंवा बाकावर बसलेले असतात, त्याला खेळ तरी का म्हणावे. नागपुरात बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवले की हाच वाद जसाच्या तसा ऐकू येतो, आणि तो जामठ्याच्या स्टेडियमपासून कामठीच्या मैदानापर्यंत सारख्याच आवेशाने घातला जातो.

तरीही हा वाद केवळ आवडीनिवडीचा मानून सोडून देणे योग्य नाही, कारण त्याच्या तळाशी एक घोटाळा आहे आणि तो दूर केला तर खेळांविषयी बरेच काही उलगडते. खेळणाऱ्याला एखाद्या खेळाचे जे आकर्षण वाटते ते आणि पाहणाऱ्याला वाटते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाद घालणारे मात्र एकीचा पुरावा दुसरीसाठी देत राहतात. हा फरक स्पष्ट दिसावा अशी परिस्थिती नागपूर व आसपासच्या विदर्भात आपोआप निर्माण झालेली आहे. येथे क्रिकेटला खेळाडूही आहेत आणि प्रेक्षकही. फुटबॉलला वस्त्यावस्त्यांतून खेळाडू आहेत, पण त्याचा मोठा प्रेक्षकवर्ग युरोप-दक्षिण अमेरिकेतील संघांकडे डोळे लावून बसलेला आहे. आणि सॉफ्टबॉल-बेसबॉलला शाळा-महाविद्यालयांतून खेळाडू मिळतात, प्रेक्षक जवळपास मिळतच नाहीत.

प्रथम या खेळांच्या रचनेकडे पाहिले पाहिजे. क्रिकेट आणि बेसबॉल हे डावाचे खेळ आहेत, म्हणजे त्यांत एक संघ मारतो तेव्हा दुसरा अडवतो, भूमिका ठरलेल्या वेळी बदलतात आणि प्रत्येक चेंडू ही स्वतंत्र सुरुवात व स्वतंत्र शेवट असलेली घटना असते. फुटबॉल हा ओघाचा खेळ आहे. त्यात हल्ला आणि बचाव यांच्या पाळ्या नसतात, चेंडू हिसकावला त्या क्षणी बचाव करणारा हल्लेखोर होतो, आणि घड्याळ कोणासाठीही थांबत नाही. मराठी मुलुखातील जुने मैदानी खेळ आठवले तर त्यांतील बहुतेक सारे डावाचे आहेत असे दिसून येईल. विटीदांडूत एक जण खेळतो आणि बाकीचे झेलतात, शिवाय दांडूने अंतर मोजून वकट, लेंड, मूंड अशा क्रमाने हिशोब ठेवला जातो. खो-खोत पाठलाग आणि पळती यांच्या पाळ्या आहेत, लगोरीत फोडणारे आणि मारणारे वेगळे आहेत, विदर्भात एके काळी गावोगाव खेळल्या जाणाऱ्या आट्यापाट्यांत पाटी धरणारे आणि पाट्या ओलांडणारे वेगळे आहेत. कबड्डीसारख्या झटापटीच्या खेळातही चढाईच्या पाळ्या असतात. म्हणूनच इंग्रजांनी आणलेल्या क्रिकेटची चाल मराठी मुलाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. रचनेच्या दृष्टीने खरा पाहुणा होता तो फुटबॉल. क्रिकेट येथे रुजण्यामागे राजाश्रय, शाळा आणि पुढे दूरचित्रवाणी ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत, परंतु डाव देण्या-घेण्याची ही जुनी सवय त्या यादीत सहसा येत नाही, ती यायला हवी.

बेसबॉलचे नियम मराठी वाचकाला फारसे परिचित नसल्यामुळे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नऊ-नऊ खेळाडूंच्या दोन संघांत नऊ डाव होतात. चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, १८.४४ मीटर अंतरावरून टप्पा न पाडता चेंडू फेकतो आणि फलंदाजाला तो समोरच्या काटकोनाएवढ्या क्षेत्रातच मारावा लागतो. क्रिकेटप्रमाणे मागे किंवा बाजूला वळवून धावा काढता येत नाहीत. मारल्यानंतर चौकोनाच्या कोपऱ्यांवर असलेले तळ, म्हणजे बेस, एकामागून एक गाठत मूळ ठिकाणी परत आले की एक धाव होते, आणि दोन तळांमधील अंतर २७.४३ मीटर असते. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चेंडू कुंपणापार मारला तर तो ‘होम रन’, म्हणजे फलंदाजाची सर्वांत मोठी कमाई. नागपूरच्या गल्लीतील ‘एक टप्पा आउट’ क्रिकेटमध्ये मात्र शेजारच्या अंगणात चेंडू घालवणाराच बाद ठरतो, हा दोन्हींमधील मोठा फरक मैदानाच्या आकारातून आलेला आहे.

क्रिकेटहून बेसबॉल एका बाबतीत अगदी निराळा आहे आणि ती बाब खेळणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज कसोटीत दोन-तीन दिवस आणि एकदिवसीय सामन्यात कायमचा फलंदाजीबाहेर जातो. बेसबॉलमध्ये बाद झालेला फलंदाज त्याच सामन्यात पुन्हा पुन्हा परत येतो, एकूण साधारण चार-पाच वेळा फलंदाजी करतो. दहांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज तेथे उत्तम समजला जातो, आणि अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेत हंगामभर दहांपैकी चार वेळांहून अधिक यश मिळवणारा शेवटचा फलंदाज टेड विल्यम्स होता, तेही १९४१ साली. म्हणजे अपयश हा या खेळाचा नेहमीचा व्यवहार आहे आणि त्यातून पुन्हा उभे राहण्याची संधी नियमांतच बांधलेली आहे. क्रिकेटच्या कठोरपणात एक भव्यता आहे हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की शाळेतील नवशिक्या मुलाला किंवा मुलीला बेसबॉलची ही रचना अधिक मायेने वागवते.

आता थांबण्याचा प्रश्न. सॉकरवाल्यांचा आक्षेप आकड्यांच्या दृष्टीने खोटा नाही. अमेरिकेतील एका प्रमुख वृत्तपत्राने २०१३ साली मोजणी केली तेव्हा तीन तासांच्या बेसबॉल सामन्यात प्रत्यक्ष हालचाल सुमारे १८ मिनिटांचीच भरली. क्रिकेटचे गणितही तसेच आहे: कसोटीच्या एका दिवसातील ९० षटकांचे ५४० चेंडू प्रत्येकी पाच-सहा सेकंद जिवंत राहतात असे धरले, तरी सहा तासांच्या खेळात प्रत्यक्ष खेळ तासाभराचाही होत नाही. परंतु उरलेला वेळ रिकामा असतो हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या वेळात क्षेत्ररक्षक हलवला जातो, गोलंदाज आपला मनसुबा बदलतो, फलंदाज तो ओळखू पाहतो, आणि प्रेक्षकही याच तर्कात सामील होतो. पुढचा चेंडू आखूड येणार की पुढे पडणार, यावर शेजाऱ्याशी वाद घालण्यास जेवढा अवकाश लागतो तेवढाच डावाचा खेळ देतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेट मराठी घरांत नेले ते याच अवकाशाच्या आधारावर. दोन चेंडूंमधील वेळ शब्दांनी भरता येतो आणि चित्र न पाहताही धावफलक डोळ्यांसमोर उभा राहतो. बेसबॉलच्या बाबतीतही हेच घडले. त्या खेळाचा धावफलक वृत्तपत्रात छापण्याची पद्धत रूढ करणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि क्रिकेटचे वार्तांकन करणारा पत्रकार होता. मोजता येणे हे डावाच्या खेळाचे पाहणाऱ्यासाठी सर्वांत मोठे आकर्षण आहे, कारण घटना सुटी असल्यामुळे प्रत्येकीचे श्रेय किंवा दोष एका व्यक्तीच्या नावावर लिहिता येतो आणि पन्नास वर्षांनंतरही तो तपासता येतो.

फुटबॉलमध्ये असे लिहिता येत नाही. एका गोलामागे चाळीस सेकंदांच्या पाससाखळीतील सात-आठ पाय असतात आणि त्याहून अधिक वेळा चेंडू न शिवता केवळ योग्य जागी धावून प्रतिस्पर्ध्याला ओढून नेणारा खेळाडू असतो, ज्याचे नाव कोठेच नोंदले जात नाही. गोल कमी होतात हा आक्षेपही खरा आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनही नाहीत. पण दुर्मीळतेमुळेच प्रत्येक गोलाला निर्णायक वजन येते आणि त्यामुळे दुबळ्या संघाला आशा धरता येते. लॉस अलामोस प्रयोगशाळा आणि बोस्टन विद्यापीठ येथील भौतिकशास्त्रज्ञांनी शंभरएक वर्षांतील तीन लाखांहून अधिक सामन्यांचे निकाल तपासले तेव्हा कमकुवत संघ बलाढ्य संघाला हरवण्याचे प्रमाण इंग्लिश फुटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४५ टक्के आढळले. आणि त्याच्या पाठोपाठ, सुमारे ४४ टक्क्यांवर, बेसबॉल होता. बास्केटबॉल आणि अमेरिकी फुटबॉल बरेच मागे होते. ज्या दोन खेळांचे चाहते एकमेकांच्या खेळाला नीरस म्हणतात, ते दोन खेळच निकालाच्या अनिश्चिततेत एकमेकांच्या सर्वांत जवळ आहेत.

अनिश्चितता सारखी असली तरी तिच्यावरचा उपाय दोन्ही खेळांनी वेगळा काढला आहे. अमेरिकेतील मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो, जेणेकरून नशिबाचा वाटा हळूहळू गळून जावा आणि खरा दर्जा उरावा. सिॲटलच्या संघाने २००१ साली त्यांपैकी ११६ जिंकले तेव्हा तो विक्रमाशी बरोबरी करणारा हंगाम ठरला, आणि तरीही ४६ पराभव त्याच्या खात्यावर होते. फुटबॉल मात्र बाद फेरीच्या एकाच रात्रीवर सारे टाकायला तयार असतो. त्यामुळे बेसबॉलचा चाहता हंगामावर प्रेम करतो आणि फुटबॉलचा चाहता रात्रीवर, असे ढोबळमानाने म्हणता येईल. घड्याळाचा फरकही येथेच लागू पडतो: फुटबॉलमध्ये आघाडीवर असलेला संघ वेळ काढू शकतो, बेसबॉलमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा गडी बाद केल्याशिवाय सुटका नाही, आणि तो गडी बाद होईपर्यंत दहा धावांनी मागे पडलेल्या संघालाही तत्त्वतः परतीचा मार्ग खुला असतो.

नागपूरच्या क्रिकेटला या चर्चेत विशेष स्थान आहे, कारण येथील प्रेक्षकाने थांबण्याच्या खेळाची सर्व रूपे पाहिली आहेत. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने तो १६७ धावांनी जिंकला. त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात चेतन शर्माने स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा करून एकदिवसीय कारकिर्दीतील आपले एकमेव शतक झळकावले. पुढे खेळ शहराबाहेर जामठ्याला गेला; तेथे २००८ साली झालेली पहिली कसोटी ही सौरव गांगुलीची अखेरची कसोटी होती. चालत किंवा सायकलने जाता येणारे मैदान मागे पडून वाहन काढून जावे लागणारे मैदान आले, तेव्हा पाच दिवसांच्या सामन्याला अधूनमधून तासभर डोकावणारा प्रेक्षक गमावला गेला. हे नुकसान स्टेडियमच्या भव्यतेने भरून निघालेले नाही.

तथापि थांबण्याच्या खेळाचा खरा कस रणजी करंडकात लागला. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिले विजेतेपद मिळवले. फैज फजल कर्णधार होता, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध पहिल्या डावात अवघ्या पाच धावांची आघाडी मिळाली आणि आदित्य सरवटेने सामन्यात ११ गडी बाद करून ७८ धावांनी विजय साधून दिला. मार्च २०२५ मध्ये तिसरे विजेतेपद जामठ्यावर आले ते केरळविरुद्ध, आणि ते समजावून सांगणे फुटबॉल किंवा बेसबॉलच्या चाहत्याला जड जाईल, कारण तो सामना विदर्भाने जिंकलाच नाही. तो अनिर्णित राहिला. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या, केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला, त्यांचा डाव ३४२ वर संपला आणि ३७ धावांची ती आघाडी करंडक देऊन गेली. करुण नायरच्या दुसऱ्या डावातील शतकाने उरलेली शंकाही मिटवली. त्या केरळ संघात नागपूरचाच आदित्य सरवटे खेळत होता. पाच दिवसांत एकदाही अंतिम शिट्टी वाजत नाही, निर्णायक क्षण तिसऱ्या दिवशीच होऊन जातो आणि तरीही पुढचे दोन दिवस अर्थपूर्ण राहतात, ही गोष्ट ओघाच्या खेळात संभवत नाही.

फुटबॉलचा नागपुरी इतिहास क्रिकेटएवढा लिहिला गेलेला नाही, पण तो वस्त्यांत खोल गेलेला आहे. कन्हान नदीकाठी कामठीची लष्करी छावणी १८२१ साली वसली, आणि भारतातील इतर छावण्यांप्रमाणे येथेही गोऱ्या पलटणींच्या मैदानावरून हा खेळ भोवतालच्या मोहल्ल्यांत उतरला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब, राहुल क्लब, तसेच रेल्वे आणि पोलिसांचे संघ जिल्हा फुटबॉल संघटनेच्या श्रेणीवार साखळी स्पर्धांत खेळत आले आहेत. कामठी हे विणकरांचे आणि विडी कामगारांचे गाव होते. ज्याच्या हातात दिवस मावळण्यापूर्वीचा तास-दीड तासच मोकळा आहे, त्याला त्या वेळेत सुरू होऊन त्याच वेळेत संपणारा खेळ सोयीचा होता, असे मानण्यास जागा आहे. पाच दिवसांची फुरसत हीसुद्धा एक मालमत्ता असते. शहरातील फुटबॉलचे ओळखीचे ठिकाण असलेल्या यशवंत स्टेडियमची स्थितीही बोलकी आहे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनावर जाणारे मोर्चे तेथून निघतात, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या अनेकांना हे नाव खेळापेक्षा मोर्चामुळेच अधिक परिचित आहे.

हा फुटबॉल नागपूरबाहेर पोहोचला तो झोपडपट्टी फुटबॉलमुळे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास पावसात वस्तीतील मुले एक फुटकी प्लॅस्टिकची बादली लाथाडत खेळताना पाहिली, त्यांना चेंडू दिला आणि त्यातून वस्त्यांच्या संघांची स्पर्धा उभी केली. पुढे त्यांचा मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन या कामात सामील झाला आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने ते जगात पोहोचले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे २००३ साली सुरू झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचे संघ याच कामातून जाऊ लागले, रिओ दि जानेरो येथील २०१० च्या स्पर्धेत अखिलेश पॉल भारताचा कर्णधार होता, आणि २०१६ साली फिफा या जागतिक संघटनेने आपला विविधता पुरस्कार स्लम सॉकरला दिला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये आला तो याच कथेवर, अमिताभ बच्चन यांना प्रमुख भूमिकेत घेऊन.

चित्रपटाने या कामाचा भावनिक भाग सर्वांपर्यंत नेला, पण त्यामागील खेळाचे गणित अधिक लक्ष देण्याजोगे आहे. वस्तीतील मोकळ्या तुकड्यावर वीस मुले जमली आणि क्रिकेट सुरू झाले तर कोणत्याही क्षणी फलंदाजी करणाऱ्या संघातील दोघे खेळत असतात आणि आठ जण वाट पाहत असतात. अडवणाऱ्यांपैकीही दोघा-तिघांनाच काम असते. बेसबॉल घेतला तरी बाकावर बसणारे कमी होत नाहीत. फुटबॉलमध्ये एकच चेंडू वीसही जणांना एकाच वेळी कामाला लावतो, आणि बॅट कोणाची, म्हणजे पहिला डाव कोणाचा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. ज्या मुलांच्या वाट्याला शाळेत, रेशनच्या रांगेत आणि दवाखान्यात वाट पाहणेच आलेले असते, त्यांना खेळातही वाट पाहायला न लावणारा हा खेळ आहे. बेघरांच्या विश्वचषकात तर एका बाजूला गोलरक्षकासह चारच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन भाग खेळले जातात, त्यामुळे लपायला जागा राहत नाही आणि प्रत्येकाच्या पायाशी चेंडू वारंवार येतो. या मुलांपैकी किती जण लिओनेल मेस्सीचा सामना पाहतात हा वेगळा मुद्दा आहे. पाहण्याच्या आधी त्यांच्याकडे खेळणे आलेले आहे, आणि सॉकर नीरस आहे असे म्हणणारा मनुष्य बहुधा हे विसरतो की तो प्रेक्षकाच्या खुर्चीवरून बोलत आहे.

याच कसोटीवर विदर्भातील सॉफ्टबॉल आणि बेसबॉलकडे पाहिले तर चित्र उलट दिसते. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे आटोपशीर रूप आहे: चेंडू मोठा, फेक खांद्याखालून, तळांमधील अंतर १८.२९ मीटर आणि डाव सातच. तो १८८७ साली शिकागोत जन्मला. अशा अमेरिकी खेळांची भारतातील वाट प्रामुख्याने शारीरिक शिक्षण देणाऱ्या संस्थांमधून गेली. मद्रास येथे १९२० साली हॅरी बक या अमेरिकी शिक्षकाने स्थापलेले वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय ही त्या वाटेवरील महत्त्वाची जागा होती. विदर्भाकडे अमरावतीचे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होते, ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अशा परंपरेतून तयार झालेले क्रीडा शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले, आणि गावातील मुलगा किंवा मुलगी कोणता खेळ शिकणार हे पुष्कळदा त्या एका शिक्षकाने कोणता खेळ शिकलेला आहे यावर ठरले. बारसे हेही अखेर क्रीडा शिक्षकच होते, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे.

भारतीय सॉफ्टबॉलची संघटना १९६१ साली आणि हौशी बेसबॉलचा महासंघ १९८३ साली स्थापन झाला. आज शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत, आणि अमरावती व जळगाव ही नावे महाराष्ट्राच्या सॉफ्टबॉलमध्ये पुन्हा पुन्हा येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे वाढीव क्रीडा गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राची ओढ असते, आणि क्रिकेटच्या प्रचंड गर्दीपेक्षा येथे संघात जागा मिळणे सोपे असते. प्रमाणपत्रासाठी खेळतात म्हणून या खेळाडूंना हिणवण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. प्रमाणपत्र मुलाला मैदानापर्यंत आणते, पण पहाटे सरावाला उठवते ते फटका बरोबर बसल्याचे समाधान आणि बाद झाल्यावर पुन्हा येणारी पाळी. शिवाय मुलींचे क्रिकेट जेव्हा बहुतेक शाळांत नव्हते, तेव्हा हातात बॅट घेऊन खेळण्याची संधी अनेक मुलींना सॉफ्टबॉलनेच दिली. खेळणाऱ्यासाठीचे आकर्षण येथे पूर्ण आहे. नसतो तो पाहणारा, कारण नियम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला डावाचा खेळ केवळ थांबा म्हणूनच दिसतो; फुटबॉल पाहणाऱ्याला ऑफसाइड कळला नाही तरी चेंडू कुठे न्यायचा आहे हे दिसते, बेसबॉल पाहणाऱ्याला स्ट्राइक म्हणजे काय हे कळले नाही तर काहीच दिसत नाही.

भारतातील दोन तरुण भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ साली एका स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघापर्यंत पोहोचले, ही घटना बेसबॉलला भारतात प्रेक्षक मिळवून देईल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. उलट दिशेचा प्रवास अधिक फलदायी ठरला. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने ६ जून २०२४ रोजी अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवले ते टेक्सासमधील ग्रँड प्रेरी येथे, आणि ते स्टेडियम मुळात बेसबॉलसाठी बांधलेले होते. डावाच्या एका खेळाचा प्रेक्षक दुसऱ्याकडे वळवता येतो, हे त्या मैदानाच्या रूपांतरातून दिसते.

दोन्ही प्रकारचे खेळ अलीकडे एकमेकांच्या दिशेने सरकत आहेत, आणि या बदलाची दखल चाहत्यांच्या वादात अजून पुरेशी घेतली गेलेली नाही. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेने २०२३ पासून पिचरला घड्याळ लावले. त्या वर्षी तळ रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि तळावर धावपटू असेल तर २० सेकंदांत फेकीची क्रिया सुरू करावी लागे, आणि त्यामुळे सामन्याचा सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. क्रिकेटनेही मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांची मर्यादा घातली. फुटबॉलने मात्र विश्वचषकात २०१८ पासून चित्रफीत पाहून निर्णय देण्याची पद्धत आणली आणि आपला ओघ स्वतःच्या हाताने थांबवला. गोल झाल्यावर आनंद करावा की पंचाच्या कानातील यंत्राकडे पाहावे, हे आता प्रेक्षकाला कळत नाही. यातील बेसबॉलची सुधारणा शहाणपणाची वाटते, कारण तिने विचाराचा अवकाश राखून केवळ रेंगाळणे काढले. फुटबॉलच्या सुधारणेने न्याय वाढवला असेल, पण ज्या अखंडतेसाठी लोक तो खेळ पाहत होते ती त्याच्या बदल्यात गमावली.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या सत्रात लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या खेळांसाठी क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांना एकाच निर्णयाने प्रवेश दिला. फुटबॉल तेथे आधीपासून आहेच. क्रिकेट १९०० नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये दिसेल. लॉस एंजेलिसमधील संध्याकाळ ही नागपुरातील सकाळ असल्यामुळे हे सामने येथे शाळा-महाविद्यालयांच्या वेळेत पाहता येतील, आणि ज्या क्रीडा शिक्षकांकडे सॉफ्टबॉलचा संघ आहे त्यांनी ते मुलांसोबत पडद्यावर लावून स्ट्राइक, तळ आणि बाद यांचे नियम तेथल्या तेथे समजावले तर पहिला जाणता प्रेक्षक याच पिढीतून मिळेल. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याला दिसेल असा धावफलक, मराठीत नियम सांगणारा एक निवेदक आणि भर दुपारऐवजी संध्याकाळची वेळ, एवढ्या गोष्टींसाठी जामठ्याएवढे स्टेडियम लागत नाही, आणि त्या जिल्हा संघटनांच्या आवाक्यातल्या आहेत.